अकरा मिनिटांचा कॉम्प्युटर

चार महिने! अम्मीनं ते इतक्या सहज सांगितलं की उझमाला आधी वाटलं, आपण भलतंच काहीतरी ऐकलं. सकाळचे नऊ वाजले होते. ऑफिसनं या महिन्यापासून शुक्रवार घरून कामाचा केला होता, त्यातला हा पहिलाच शुक्रवार. उझमा लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि समोर रहिमा, तिची अम्मी, पलंगावर चादर अंथरून ठेवणीतल्या मोतिया ओढणीला इस्त्री करत होती. "कुठं जायचाय काय?" उझमानं विचारलं. "जायचाय कुठं? तीन वाजता शाहिदच्या कॉलला बसायचा ना." "मग लागतो ना कॉल? अब्बा म्हनत होते, मधे दोन-तीन वेळा अडकला." अम्मीनं इस्त्री उभी ठेवली, ओढणीचं टोक बोटांनी सरळ केलं आणि म्हणाली, "चार महिने झाले, उझमा. मशीन लावूनच देत नाय. गोल गोल फिरत बसते. आमी आपले घंटाभर बसतो, मग तुझे अब्बा म्हनतात, आज काय खरा नाय, नि मी ओढनी घडी घालून ठेवते." बस. एवढं बोलून बाई परत इस्त्री करायला लागली. तक्रार नाही, आवाज नाही. उझमाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने म्हणजे सोळा-सतरा शुक्रवार. सोळा-सतरा वेळा ही ओढणी इस्त्री झाली, अंगावर आली आणि परत कपाटात गेली, आणि उझमाला पत्ता नाही, कारण शुक्रवारी ती महापेला ऑफिसात बसलेली असायची, कानाला हेडफोन लावून, परक्या लोकांची मशीनं ताळ्यावर आणत. सर, सगळे प्रोग्रॅम बंद करा. मॅडम, आता रीस्टार्ट करा. दिवसाला चाळीस लोकांना सांगायचं, आणि घरात आईबाप आंधळ्या पडद्यासमोर बसलेले! तिनं लॅपटॉप खाडकन मिटला, हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकण ओढून काढलं आणि बटण दाबलं. मोबाइलवर वेळ लावली. पडद्यावर धड काही दिसेपर्यंत अकरा मिनिटं गेली.

अकरा मिनिटं तिला बसून काढावी लागली आणि बसलं की डोकं नको तिकडे जातं. शुक्रवार. या घरात शुक्रवारचा कॉल म्हणजे निव्वळ कॉल नव्हता. अब्बा, म्हणजे नझीर, सव्वीस वर्षं कुवेतच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मेकॅनिक होते. तिकडे शुक्रवारची सुट्टी. मग जुम्म्याची नमाज झाली की ते फोन लावायचे, आणि इकडे म्हसळ्याजवळच्या गावात फोन होता फक्त भुसाराच्या दुकानात, लाकडी खोक्यात, कुलूप घातलेला. अम्मी दुपारीच तयार व्हायची. डोळ्यात सुरमा, अंगाला अत्तर. उझमाला ते तेव्हाही समजायचं नाही. "फोनवर कोन बघतोय तुला?" ती विचारायची. "मी बघते ना," असं काहीतरी अम्मी म्हणायची आणि तिच्या वेण्या इतक्या आवळून घालायची की कानशिलं दुखायची. दुकानासमोरच्या बाकावर गावातल्या पाच-सहा बायका बसलेल्या, सगळ्यांचे नवरे तिकडे, सगळ्यांचा शुक्रवार एकच. कुणाचा फोन आला नाही तर बाकीच्या म्हणायच्या, लाइन मिळाली नसेल गं. ती बाई मान डोलवायची. अम्मीला ती मान कधी डोलवावी लागली नाही. सव्वीस वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही, हे अब्बा अजूनही आल्यागेल्याला सांगतात. एकदा ताप चढलेला असताना दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून ते एक्सचेंजपर्यंत गेले होते. तीन मिनिटं बोलायला. त्यातलं एक मिनिट शाहिदचं, कारण शाहिद लहान, शाहिद रडका, शाहिदला अब्बाचा आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नाही. उझमाचं मिनिट बरेचदा त्याच्याच खात्यात जायचं. तिला आत्ता, अडतिसाव्या वर्षी, त्याचा राग आला. बघा, कुठचा राग कुठं पडून राहिलेला असतो.

हा कॉम्प्युटरही शाहिदचाच. दोह्याला जायच्या आधी सीवूड्सच्या मॉलमधून तो घेऊन आला होता, उरावर बॉक्स धरून, घामाघूम. "अम्मी, याच्यात मी एवढा मोठा दिसेन," म्हणून त्यानं हात पसरले होते. अम्मीला मोबाइलवर बोललेलं चालत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात फूल आहे, मोबाइलमध्ये म्हणे लेकाचं तोंड सुपारीएवढं दिसतं. पहिली दोन वर्षं झकास गेली. दर शुक्रवारी तीनच्या ठोक्याला तो दिसायचा, मग त्याची बायको कैनात, मग मांडीवरचं पोर. अम्मी पडद्याला हात लावायची आणि पडद्यावर तेलाचे डाग पडायचे. मग दर शुक्रवारचं एकाआड एक शुक्रवार झालं. मग जानेवारीच्या सुरुवातीला त्यानं उझमाला फोनवर सांगितलं होतं, "तुमची मशीनच स्लो हाय गं, उझमा. अम्मीचा तोंड अडकतो, आवाज तुटतो, अर्धा वेळ हॅलो हॅलोमधेच जातो. मजा नाय येत." मजा! आईचं तोंड बघायला याला मजा लागते. तेव्हा तिनं ते ऐकून घेतलं. बघते मी, म्हणाली, आणि बघायचं राहून गेलं, त्याची चुटपुट वेगळीच. त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही. फोटो पाठवायचा, तिकडच्या समुद्राकाठी, कार्निशवर, पोराचा फोटो, नव्या सोफ्यावर कैनातचा फोटो. काही विचारलं की अंगठा. बिझी हाय. नेक्स्ट फ्रायडे. अंगठा. भांडण झालं असतं तर एक वेळ समजलं असतं. भांडणाला निदान दोन माणसं लागतात, कुणीतरी कुणाला तरी काही बोललेलं असतं, ते धरून ठेवता येतं, सोडता येतं. इथं काहीच झालं नव्हतं. त्याला नुसता कंटाळा आला होता. आईबापाचा कंटाळा येतो माणसाला, येऊ दे, पण मग तसं म्हण ना बाबा तोंडानं! मशीनवर काय ढकलतोस? आज हा बहाणाच काढून टाकते, मग बघू शुक्रवारी तीन वाजता कुठचा नवीन आणतो, असं ती मनाशी म्हणाली. पडदा तोवर उजळला होता.

काय नव्हतं त्या कॉम्प्युटरमध्ये! तिनं टास्क मॅनेजर उघडला, तो उघडायलाही चार मिनिटं. डिस्क शंभर टक्के. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप उठून बसणाऱ्या प्रोग्रॅमची यादी खाली खाली जातच राहिली, तेवीस नावं. तीन अँटिव्हायरस! एक असला तरी या जुन्या डबड्याला दम लागतो, इथं तीन, आणि तिघे एकमेकांच्या मागे लागलेले, हा त्याला तपासतोय, तो याला. हवामान सांगणारे दोन. वॉलपेपर बदलणारं एक. पडद्यावर काटे फिरवणारं घड्याळ. मशीन साफ करून देतो म्हणणारे चार, चारही फुकटातले. गेमचं दुकान. जहाजं कुठं आहेत ते नकाशावर दाखवणारं काहीतरी. "या स्टेशनजवळच्या दुकानवाल्यानं केलंय हे," ती मोठ्यानं म्हणाली. दिवाळीच्या सुमाराला अब्बा मशीन साफ करून आणतो म्हणून रिक्षात घालून तिकडे घेऊन गेले होते. तिला त्या दुकानदाराचा चेहरासुद्धा आठवत नव्हता, तरी तिनं त्याला मनातल्या मनात उभा आडवा सोलला. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय, भरा कचरा! आणि तेवढ्यात म्हातारा माणूस आतल्या खोलीतून आलाच. अंघोळ झालेली, जुम्म्याचा पांढरा झब्बा, हातात टोपी.

"काय करतेस?" अब्बा दारातच थांबले.

"साफ करते. तेवीस प्रोग्रॅम, अब्बा! चालेल कशी ती?"

"नको हात लावू. बिघडेल."

"अजून काय बिघडायचा राहिलाय? अकरा मिनिटं लागली उघडायला. अम्मी सांगते, चार महिने झाले."

अब्बांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथं खोबरं वाटल्याचा आवाज येत होता. "सांगितला काय तिनं," ते म्हणाले. मग दोन पावलं पुढं आले, पडद्याकडे वाकले. "जुनी मशीन हाय, उझमा. किती ताण देशील? राहू दे. तुझा ऑफिसचा काम कर."

"माझा ऑफिसचा काम हेच हाय!" ती फाडकन म्हणाली. आवाज नको तेवढा चढला. "दिवसभर मी हेच करते, अब्बा, लोकांसाठी. तुमी कधी सांगितला पन नाय मला. म्हनायचात, एखादा वेळ अडकते. एखादा वेळ म्हंजे चार महिने?"

"त्याच्यात माझा काय काय हाय," ते पुटपुटले. "जहाजांचा नकाशा हाय. घड्याळ हाय. मला लागतो तो."

"भिंतीवर घड्याळ हाय ना, तो बघा."

अब्बा असे गप्प होणारे नव्हते. या माणसानं कुवेतमध्ये साहेबाच्या टेबलावर पक्कड आपटून पगारवाढ घेतली होती, असं तेच सांगायचे. आता नुसते उभे राहिले, टोपीची घडी उलटसुलट करत, आणि मग खुर्ची ओढून तिच्या मागे बसले. तिला ते पाठीवर जाणवत होतं. नाव निवडायचं, बंद. नाव निवडायचं, बंद. प्रत्येक वेळेला मागून श्वास. तिला वाटलं, दहावीला गणिताचा पेपर सोडवताना हे असेच मागे बसायचे, सुट्टीवर आले की, आणि चूक झाली की काही न बोलता फक्त घसा खाकरायचे. आत्ता खाकरतसुद्धा नव्हते. साडेबाराला ते उठले, टोपी घातली. दारात चपला घालताना म्हणाले, "उझमा, सगळा नको काढू." ती वळली नाही. हो, हो म्हणाली.

ते गेल्यावर तिनं उरलेली पाच नावंसुद्धा बंद केली. जहाजं, घड्याळ, सगळं. कॉलचा प्रोग्रॅम तेवढा ठेवला. रीस्टार्ट. मोबाइलवर वेळ. अडतीस सेकंद! तिनं टाळी वाजवली, खरोखर वाजवली, लहान पोरीसारखी. परत एकदा केलं, परत अडतीस. "अम्मी! ये, बघ ये!" अम्मी ओले हात पदराला पुसत आली, चष्मा नव्हता, डोळे बारीक करून उभी राहिली. उझमानं बंद करून चालू करून दाखवलं. "बघितलीस? आता तुझा लेक काय बोलेल? आवाज तुटतो म्हनू दे आता." अम्मी पडद्याकडे बघत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. उझमानं तो आनंद सकाळपासून डोळ्यांसमोर धरला होता, त्याच्यासाठीच तर ही सगळी आदळआपट. पण अम्मी म्हणाली, "एवढी लवकर?" आणि मग, "अब्बाला विचारलास ना?" उझमा चिडली. या घरात धूळ पुसायलाही अब्बांना विचारायचं. तिनं मोबाइल उचलला आणि शाहिदला लिहिलं, मशीन ठीक केली, एकदम फास्ट, तीन वाजता कॉल कर, अम्मी बसणार आहे. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. वाचलं त्यानं. मग काही नाही. मग पाच मिनिटांनी अंगठा. आईला अंगठा दाखवतो, हलकट, असं ती म्हणाली, आणि अम्मी स्वयंपाकघरात आहे हे बघून परत एकदा म्हणाली.

कॉल यायला दीड तास होता. नुसतं बंद करून ठेवलेलं तिला खुपायला लागलं. कचरा तो कचरा, मुळासकट काढलेला बरा. तिनं बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. कोणता कधी टाकला ते तिथं तारखेनं लिहिलेलं असतं. तिनं दिवाळीच्या तारखा शोधल्या, त्या दुकानदाराला फोन करून चांगला झापायचा बेत होता. दिवाळीच्या तारखेला एक होता. फक्त एक, पहिला अँटिव्हायरस. बाकी सगळे त्यानंतरचे. सोळा जानेवारी. तेवीस जानेवारी. तीस. सहा फेब्रुवारी, तेरा, वीस. रमझान सुरू झाला होता तेव्हा. रमझानमध्येसुद्धा एकही सुटलेला नव्हता. दुकानदार दर आठवड्याला घरी येऊन कचरा टाकून जातो की काय? तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागं उलटलं आणि बोट ठेवलं. शुक्रवार. परत बोट ठेवलं. शुक्रवार. सगळे शुक्रवार. तिनं एकेक फोल्डर उघडून वेळ बघितली. अकरा पाच. अकरा वीस. दहा पन्नास. जुम्म्याला निघायच्या आधीची वेळ, अंघोळ झाल्यावरची, अम्मी स्वयंपाकघरात खोबरं वाटत असते तेव्हाची.

अब्बा. दुसरं कोण? कुणाला कळणार होतं, तीन अँटिव्हायरस एका मशीनवर टाकले तर ते एकमेकांचा गळा धरतात? सव्वीस वर्षं तारा जोडलेला माणूस. अब्बांना काही समजत नाही, असं ती धरून चालली होती, आणि त्यांनी ते चालू दिलं होतं. तिला एकदम एक जुनी गोष्ट आठवली, जेवताना ते कितीदा सांगायचे. एक्सचेंजमध्ये एखाद्या गिऱ्हाइकाला एखाद्याचा फोन नको असला, की हे लोक त्याच्या लाइनीत पुठ्ठ्याचा एवढासा तुकडा सरकवून ठेवायचे. समोरच्यानं कितीही लावला तरी लाइन बिझी. "बिझी आवाज आला ना, की मानूस रागवत नाय," अब्बा घास हातात धरून सांगायचे. "त्याला वाटतो, बोलतोय कुनाशी तरी, मागाहून लावू. पन नुसती घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, नि कोनी उचललाच नाय, तर मानसाचा जीव जातो." आणि हसून घास तोंडात टाकायचे. म्हणजे शाहिदचा फोन येणार नाही हे त्यांना सोळा जानेवारीलाच समजलं होतं. म्हणजे नऊ जानेवारीला ते दोघं या पडद्यासमोर बसले असणार, मशीन चांगली चालू असणार, आणि काही वाजलं नसणार. त्याच्या पाळीचा शुक्रवारही तसा गेल्यावर पुढच्या शुक्रवारी सकाळी ते इथं येऊन बसले आणि त्यांनी पुठ्ठा सरकवला.

आणि तिनं तो काढून टाकला. अडतीस सेकंद! टाळ्या वाजवल्या. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. शाहिदवर होताच. पण अब्बांवर जास्त. चार महिने मला का नाही सांगितलं? मी कोण? पगार आणणारी, गॅसचा नंबर लावणारी, अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारी, आणि लेकानं पाठ फिरवली ही एवढी बातमी तेवढी माझ्यापासून लपवायची? त्याची अब्रू माझ्यापासून झाकायची? त्याला फोन करून चार शिव्या घालायच्या सोडून म्हातारा चोरासारखा कोपऱ्यात बसून हवामान भरतोय! आणि सकाळी मी ओरडले तेव्हा खाली मान. सगळा नको काढू. सांगायचं होतंत ना, अब्बा. तोंड होतं ना. तिनं परत स्टार्टअपची यादी उघडली. तेवीस नावं, सगळी बंद. एकेक करून परत चालू करायला दहा मिनिटं लागली असती. पहिल्या नावावर बाण नेला. बोट बटणावर ठेवलं. आणि का करू, असं तिच्या मनात आलं. का म्हणून? त्याचा निर्लज्जपणा झाकायला मी पण बसू? उद्या पण, पुढच्या शुक्रवारी पण, अम्मी ओढणी इस्त्री करत राहील आणि आम्ही दोघं बापलेक मशीनमध्ये कचरा भरत राहू, असं किती वर्षं? होऊन जाऊ दे एकदा. समजू दे तिला. गळू फोडायचं तर एकदाच फोडावं. तिनं यादी बंद केली. मग परत उघडली. मग बंद केली. दारात चपलांचा आवाज आला तेव्हा तिचं काहीच ठरलं नव्हतं.

अम्मीनं दोन वाजता पानं वाढली. कोळंबीचं कालवण होतं, अब्बा भात चिवडत बसले. एकदा त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न होता आणि तिनं त्याचं उत्तर दिलं नाही. चेहरा दगडासारखा ठेवला. त्यांना कळलं असावं. तीनला पाच कमी असताना अम्मी मोतिया ओढणी घेऊन, सुरमा घालून आली आणि मधल्या खुर्चीवर बसली. अब्बा डावीकडे बसले, उझमा उजवीकडे. बटण अब्बांनीच दाबलं. ते नेहमी दाबत असावेत, कारण हात सवयीनं पुढं गेला आणि मग मागं टेकून बसले, अकरा मिनिटांच्या तयारीनं, हात पोटावर बांधून. अडतीस सेकंदांनी पडदा स्वच्छ उजळला. अब्बांनी बांधलेले हात सोडले. उझमानं त्यांच्याकडे बघितलं नाही, पण त्यांचे गुडघ्यांवर आलेले हात तिला दिसत होते. पंचाहत्तर वर्षांचे हात, नखांत अजून कसली तरी काळी रेघ.

"उघडली पन," अम्मी म्हणाली.

"उघडली," अब्बा म्हणाले.

तीन वाजले. तीन दहा झाले. पडदा लख्ख होता, बाण हलवला की हलत होता, कुठं काही अडकत नव्हतं, गोल फिरणारं काही नव्हतं. बघायला काहीच नव्हतं. शाहिदच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. फोटोत तो गॉगल लावून हसत होता. तीन वीस. अम्मीनं ओढणी डोक्यावर नीट केली, पुढं वाकली आणि पडद्याला जवळजवळ नाक लावलं. "ह्यो हिरवा टिकला हाय ना," ती म्हणाली, "म्हंजे तो बसलाय ना समोर?"

"हो," उझमा म्हणाली. तिच्या तोंडून ते चाकूसारखं निघालं. "बसलाय समोर. बघतोय."

"मग कामात असंल."

"कामात नाय! आज त्याला सुट्टी हाय, अम्मी." उझमाचा आवाज चिरकला. आता थांबता येईना. "थांब. आपनच लावू. मशीन चांगली हाय ना आता? मग आपनच लावू." अब्बा म्हणाले, "उझमा." नुसतं नाव. तिनं ऐकलं नाही. तिनं बाण नेला आणि दाबलं. घंटी वाजायला लागली. मोठी, गोड, मूर्ख घंटी, सगळ्या हॉलभर. एक. दोन. अम्मी ताठ बसली, ओठ हसायच्या तयारीत आले, समोर चेहरा उघडेल म्हणून तिनं हनुवटी वर केली. तीन. चार. पाच. हसू तसंच राहिलं, पण त्याच्या आतलं काहीतरी ओसरायला लागलं, आणि उझमाला ते दिसलं, एवढ्या जवळून दिसलं की तिला वाटलं आपण घंटी लावली नाही, आईला हातानं ढकललं. सहा. हिरवा ठिपका तिथंच होता. सात.

अब्बा उठले. गुडघे धरत खाली वाकले, टेबलाच्या मागं हात घातला आणि प्लग ओढून काढला. घंटी मधेच तुटली. पडदा काळा झाला, त्यात तिघं दिसायला लागली. अब्बा टेबलाला धरून उभे राहिले, धापा टाकत, प्लग अजून मुठीत. त्यांनी उझमाकडे बघितलं नाही, अम्मीकडे बघितलं.

"लाइट गेली," ते म्हणाले.

डोक्यावर पंखा गरगरत होता. मे महिन्यातला, पाचावर लावलेला पंखा, कॅलेंडरची पानं फडफडवणारा. अम्मीनं मान वर केली. पंख्याकडे बघितलं, चांगलं सावकाश बघितलं, एक डोळा चांगला होता तिचा. मग तिनं ओढणी डोक्यावरून खाली घेतली आणि मांडीवर तिची घडी घालायला लागली, टोकाला टोक जुळवून.

"हो," ती म्हणाली. "लाइट गेली. त्याचा तरी काय दोष? तो लावत असंल बिचारा."

उझमाच्या जिभेवर सगळं आलं होतं. अंगठे, निळ्या खुणा, सोळा जानेवारी, तेवीस जानेवारी, सगळं एकदम, दातांपर्यंत. ती उठली तेव्हा खुर्ची मागं आपटली. अब्बांनी डोळे मिटले. ती दाराजवळच्या बोर्डापाशी गेली आणि तिनं पंखा बंद केला.